बुळबुळीत थर आणि यीस्टचा साबण



दुधाची किटली आपण रोज धुतो. तरीही झाकणाच्या आतल्या कडेला बोट फिरवून पाहावे. पुष्कळदा बोटाला काहीतरी बुळबुळीत लागते. पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीला, कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्याला, मोरीच्या पाइपाला आणि ठिबकच्या नळ्यांनाही आतून असाच बुळबुळीतपणा असतो. सकाळी दात घासण्यापूर्वी दातांवरून जीभ फिरवली तर तेथेही तोच. आपण त्याला कधी मळ म्हणतो, कधी शेवाळ म्हणतो आणि कामाच्या घाईत विसरून जातो.

पण हा नुसता मळ नव्हे. ती सूक्ष्म जंतूंची वस्ती आहे. शास्त्रज्ञ तिला ‘बायोफिल्म’ म्हणतात; आपण या लेखापुरते तिला जंतूंचा थर म्हणू. या थरामुळे दूध नासते, जनावराची कास बिघडते, ठिबकचे ड्रिपर बंद पडतात आणि इस्पितळात रुग्णाच्या अंगात घातलेल्या नळीवाटे रोग शिरतो. एकदा बसलेला थर औषधाला सहसा दाद देत नाही. म्हणून तो बसूच नये यासाठी काय करता येईल, याचा शोध जगभर चालू आहे. त्या शोधातील एक आशेची वाट यीस्ट या आपल्या ओळखीच्या जिवाने दाखविली आहे. ती वाट कोणती आणि ती खुली होईपर्यंत आपल्या गोठ्यात व घरात काय करता येईल, हे आज पाहू या.

थर कसा बसतो?

पाण्यात किंवा दुधात एकटा फिरणारा जंतू दुबळा असतो. ऊन, साबण, औषध यांपैकी काहीही त्याला मारू शकते. म्हणून तो आधार शोधतो. भांड्याचा पत्रा, रबर, प्लॅस्टिक, दात, जे मिळेल त्याला तो टेकतो. पहिली काही मिनिटे ही पकड सैल असते. पाण्याच्या साध्या धारेनेही तो सुटून जातो. पण कोणी हलविले नाही तर काही तासांत तो तेथे घट्ट बसतो, त्याचे दोनाचे चार, चाराचे आठ होतात आणि ते सगळे मिळून आपल्याभोवती एक चिकट द्रव सोडतात. या द्रवात पिष्टासारखे पदार्थ, प्रथिने आणि पुष्कळसे पाणी असते. बोटाला जो बुळबुळीतपणा लागतो तो याच द्रवाचा.

हा द्रव म्हणजे जंतूंचे घर होय. त्याला भिंती असतात, आत अन्नपाणी जाण्यासाठी बारीक वाटा असतात. वरचे जंतू मेले तरी खालचे जगतात. खालच्या थरात अन्न व हवा कमी असल्याने तेथले जंतू जणू झोपून राहतात आणि वाढणाऱ्या जंतूंवरच काम करणारी औषधे त्यांना लागू पडत नाहीत. मोकळ्या जंतूला मारण्यासाठी जेवढे औषध पुरते, त्याच्या शेकडो पट, क्वचित हजार पट औषधही थरातल्या जंतूला पुरत नाही. शिवाय वस्ती वाढली की तिचे तुकडे सुटून पुढे जातात आणि दुसरीकडे नवी वस्ती करतात.

ही गोष्ट फार जुन्या काळी एका माणसाच्या ध्यानात आली होती. हॉलंडमधील डेल्फ्ट गावी अंतोनी व्हान लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी राहत असे. त्याला भिंगे घासून तयार करण्याचा नाद होता. १६८३ साली त्याने आपल्याच दातांवरचा पांढरा मळ भिंगाखाली पाहिला आणि त्यात वळवळणारे असंख्य जीव त्याला दिसले. पुढे त्याने तोंड व्हिनेगारने, म्हणजे शिरक्याने, धुऊन पाहिले. मळाच्या वरवरचे जीव तेवढे मेले; शिरका मळाच्या आत पोहोचलाच नाही. आपण किटलीवर वरवर औषध ओतून धुतली असे समजतो तेव्हा नेमके हेच घडते. लेव्हेनहूकच्या या निरीक्षणाचे महत्त्व शास्त्राला उमगायला सुमारे तीनशे वर्षे लागली. १९७८ साली कॅनडातील कॉस्टर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतू पृष्ठभागाला कसे चिकटतात हे सविस्तर मांडले. तेव्हापासून या विषयाचा अभ्यास झपाट्याने वाढला.

आपले नुकसान कोठे होते?

पहिले नुकसान दुधाचे. ताजे काढलेले दूध चांगले असते. पण ज्या किटलीला थर धरला आहे तीत ते ओतले की थरातले जंतू दुधात उतरतात. दूध ऊबदार असते, त्यात साखर व प्रथिने असतात. जंतूंना याहून चांगले अन्न कोणते? डेअरीत दुधाची एक साधी परीक्षा घेतात. दुधात मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग घालून ते ऊबदार ठेवतात. जंतू जितके जास्त, तितका रंग लवकर जातो. निळा रंग ५ तास किंवा अधिक टिकला तर दूध उत्तम. अर्ध्या तासातच गेला तर दूध वाईट. फॅट चांगले लागूनही दूध परत येते, तेव्हा दोष गाईचा नसून किटलीच्या कडेचा असू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

दुसरे नुकसान कासेचे. दगडी, म्हणजे कासदाह, हा रोग करणारे काही जंतू कासेच्या आत असेच थर करून राहतात. म्हणून औषध दिले की गाय बरी दिसते, पण काही आठवड्यांनी तोच सड पुन्हा सुजतो. शेतकरी म्हणतो, इंजेक्शन खोटे होते. इंजेक्शन खरेच असते, पण ते जंतूंच्या घरात शिरलेले नसते.

तिसरे नुकसान शेतातले. विहिरीच्या किंवा तळ्याच्या पाण्यातील जंतू ठिबकच्या नळीत थर धरतात. त्या चिकट थराला माती व गाळ चिकटतो आणि ड्रिपरचे बारीक तोंड बुजते. ओळीच्या टोकाची झाडे सुकू लागेपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही.

चौथे नुकसान माणसाचे, आणि ते सर्वांत मोठे. लघवीसाठी घातलेली नळी, शिरेतली सुई, बसविलेला कृत्रिम सांधा, दातांची कवळी या सर्वांवर थर बसू शकतो. नळी जितके जास्त दिवस आत राहील तितका धोका जास्त. मधुमेही माणसाच्या पायाची जखम महिनोन् महिने भरत नाही, त्यामागेही बहुधा असा थर असतो.

साबणाचे काम

आता यीस्टकडे वळण्यापूर्वी साबण काय करतो ते समजून घेऊ. अळूच्या पानावर पाणी टाकले की मोत्यासारखा थेंब होऊन घरंगळतो. पान ओले होत नाही. कांद्याच्या पातीचेही तसेच. म्हणून कांद्यावर औषध फवारताना आपण पंपात थोडे ‘स्टिकर’ घालतो. स्टिकर घातले की थेंब पसरतो आणि पातीला धरतो. पाण्याला स्वतःला आवळून धरण्याची जी ओढ असते ती स्टिकरने सैल होते. या ओढीला पृष्ठताण म्हणतात. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मोजला तर तो दर सेंटिमीटरला सुमारे ७२ डाइन भरतो.

साबण, स्टिकर, भांडी धुण्याची पावडर हे सारे एकाच जातीचे पदार्थ होत. त्यांच्या प्रत्येक कणाला दोन टोके असतात. एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. म्हणून ते तेलकट मळ सोडवून पाण्याबरोबर वाहून नेतात. आपल्या आज्या रिठ्याने रेशमी वस्त्रे आणि शिकेकाईने केस धूत. त्या शेंगाफळांतही असाच पदार्थ आहे. म्हणजे साबण करणे ही केवळ कारखान्याची विद्या नव्हे, झाडाचीही आहे. आणि जंतूंची व यीस्टचीही आहे. सजीवांनी केलेल्या अशा साबणाला ‘बायोसर्फॅक्टंट’ म्हणतात. आपण त्याला जैव साबण म्हणू.

मधातले यीस्ट

यीस्ट आपल्याला परके नाही. पाव फुगतो तो यीस्टमुळे. गोव्यात पूर्वी पोदेर पावाच्या पिठात माडाची सूर घालीत, कारण सुरेत यीस्ट आपोआप वाढलेले असते. पण यीस्टच्या शेकडो जाती आहेत आणि प्रत्येकीचे काम निराळे.

कॅनडातील सॅस्काटून शहरी गोरिन, स्पेन्सर व टुलॉक या तीन शास्त्रज्ञांनी १९६१ साली यीस्टची एक जात वाढविली असता तिने भांड्यात एक जड, तेलकट पदार्थ सोडलेला त्यांना आढळला. तपासल्यावर कळले की त्याच्या प्रत्येक कणात एका बाजूला साखर आहे आणि दुसऱ्या बाजूला तेलातले आम्ल. साखरेचे टोक पाण्याला धरणारे, तेलाचे टोक तेलाला धरणारे. म्हणजे साबणच! यातील साखर ‘सोफोरोज’ नावाची असून ती सोफोरा नावाच्या झाडात प्रथम मिळाली होती. त्यावरून या साबणाला ‘सोफोरोलिपिड’ हे नाव पडले.

१९७० साली त्याच शास्त्रज्ञांनी भुंग्यासारख्या दिसणाऱ्या बंबलबी या माशीच्या मधातून यीस्टची आणखी एक जात वेगळी केली. पुढे ती कँडिडा बॉम्बिकोला या नावाने प्रसिद्ध झाली आणि आज तिला स्टार्मेरेला बॉम्बिकोला म्हणतात. सोफोरोलिपिड करण्यात हिचा हात धरणारी दुसरी जात नाही.

मधात राहणाऱ्या या जिवाला साबण कशाला हवा? फुलांतील रस व मध म्हणजे साखरेचे भांडार. तेथे खाणारे पुष्कळ जमतात. शास्त्रज्ञांच्या मते हे यीस्ट पुढ्यात आलेले अन्न झटपट सोफोरोलिपिडमध्ये बदलून बाहेर साठवून ठेवते. हे कोठार इतरांना सहज खाता येत नाही; उलट त्यांतील कित्येकांना ते बाधते. अडचणीच्या दिवसांत मात्र हे यीस्ट स्वतः त्यावर जगू शकते. धान्याच्या कोठीलाच कुलूप व राखणदार दोन्ही असावेत, तसा हा प्रकार आहे. ज्या पदार्थाने यीस्ट आपले शेजारी दूर ठेवते, त्यानेच आपल्या किटलीतले जंतू दूर ठेवता येतील काय, हा प्रश्न तेथूनच निघाला.

सोफोरोलिपिडखेरीज यीस्टसारख्या जिवांचे आणखी एक जैव साबण प्रसिद्ध आहेत. त्यांचे लांबलचक नाव आखूड करून शास्त्रज्ञ त्यांना ‘मेल’ म्हणतात. मक्याच्या कणसावर काणी पडून काळे गाठोडे होते ते आपण पाहतो. ती काणी करणारी बुरशीही आपल्या आयुष्याच्या एका अवस्थेत यीस्टसारखी वाढते आणि ‘मेल’ तयार करते. रोग करणाऱ्या बुरशीच्या घरातही उपयोगाची वस्तू निघते ती अशी.

थराला कसा अडवतो?

हे जैव साबण तीन प्रकारे काम करतात.

पहिला प्रकार पृष्ठभाग बदलण्याचा. सोफोरोलिपिड पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून सुमारे ३५ पर्यंत खाली आणते. ते नळीवर किंवा पत्र्यावर पातळ पापुद्र्यासारखे बसले की जंतूला टेकायला धड जागा मिळत नाही. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, तसा जंतू तेथे ठरत नाही. येथे जंतूला मारण्याचाही प्रश्न नसतो. त्याला फक्त बसू द्यायचे नसते.

दुसरा प्रकार बसलेला थर सैल करण्याचा. चिकट द्रवाची वीण ढिली झाली की थराचे तुकडे सुटतात आणि आत दडलेले जंतू उघडे पडतात. मग औषध किंवा पाण्याची धार त्यांच्यापर्यंत पोहोचते.

तिसरा प्रकार जंतूलाच इजा करण्याचा. जंतूच्या अंगाभोवती तेलकट पडदा असतो. साबणाचे तेलाचे टोक त्यात शिरून पडद्याला भोके पाडते. मात्र हा मारा सर्वांवर सारखा चालत नाही. ज्या जंतूंना आणखी एक बाहेरचा पडदा असतो, त्यांच्यावर तो कमी चालतो. दगडी करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूला तो बाहेरचा पडदा नसतो. शेणातून येणाऱ्या ई. कोलाय जंतूला असतो.

हे नुसते तर्क नव्हेत; प्रयोगही झाले आहेत. २०१५ साली इंग्लंड व उत्तर आयर्लंडमधील संशोधकांनी स्टॅफिलोकॉकस व बॅसिलस या जंतूंचा बसलेला थर सोफोरोलिपिडने मोडतो, हे स्थिर पाण्यात व वाहत्या पाण्यातही दाखविले. २०१६ साली पोर्तुगालमधील लिस्बन येथे लघवीच्या नळीच्या सिलिकोनवर सोफोरोलिपिड लावून पाहिले, तेव्हा जंतूंचा थर कमी बसला. २०२० साली चीनमधील संशोधकांनी ‘मेल’ हा साबण स्टॅफिलोकॉकसचा पडदा बिघडवतो आणि थरही मोडतो असे दाखविले.

आपल्या देशातही हे काम चालू आहे. चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१६ साली कँडिडा अल्बिकन्स या बुरशीवर सोफोरोलिपिड वापरले. ही बुरशी तोंडात व गुप्तांगात संसर्ग करते आणि नळ्यांवर चिवट थर धरते. सोफोरोलिपिडने तिचा थर बसण्यास अडथळा झाला आणि नेहमीच्या बुरशीनाशक औषधांबरोबर दिले असता त्या औषधांचाही गुण वाढला. गंमत अशी की कँडिडा अल्बिकन्स हेही एक यीस्टच आहे. म्हणजे एका यीस्टने दुसऱ्याला वेसण घातली! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत यीस्टला वनस्पतींची सुगंधी तेले खाऊ घालून नव्या तऱ्हेचे सोफोरोलिपिड केले गेले आणि ते थर अडवते असे २०१४ साली प्रसिद्ध झाले.

काकवी, निवळी आणि तेलाचा गाळ

शेतकऱ्याच्या दृष्टीने यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. हा साबण करण्यासाठी यीस्टला दोन वस्तू द्याव्या लागतात : साखर आणि तेल. मोठ्या टाकीत हवा खेळती ठेवून साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णतेत यीस्ट वाढवितात. काही दिवसांत टाकीत तपकिरी, काकवीसारखा दाट पदार्थ जमतो. यीस्टचे उत्पन्न थक्क करणारे आहे. अनुकूल परिस्थितीत एका लिटर द्रवात ४०० ग्रॅमहून अधिक सोफोरोलिपिड मिळाल्याची नोंद १९९८ साली झाली आहे. दुसरे कोणतेही जैव साबण सहसा इतके मिळत नाहीत.

आणि साखर व तेल शुद्धच हवे असे नाही. गुवाहाटीच्या आयआयटीत साखर कारखान्याची मळी आणि सोयाबीनचे तेल वापरून हा साबण केला गेला. चीज किंवा पनीर करताना जे पिवळसर पाणी, म्हणजे निवळी, उरते तिचाही उपयोग होतो. वर सांगितलेले ४०० ग्रॅमचे उत्पन्न निवळीपासूनच सुरुवात करून मिळाले होते. मात्र निवळीतील साखर या यीस्टला थेट पचत नाही. म्हणून आधी दुसऱ्या एका यीस्टला निवळीवर वाढवून त्याच्या अंगात तेल तयार करून घेतले आणि मग ते या यीस्टला दिले. ब्राझीलमध्ये रेसिफे शहरी पेर्नांबुकोचे कॅथलिक विद्यापीठ आहे. तेथील संशोधकांनी तर शेंगदाणा तेलाच्या रिफायनरीतला टाकाऊ गाळ व मक्यापासून स्टार्च काढताना उरणारे पाणी यांवर यीस्टची आणखी एक जात वाढवून जैव साबण केला. जंतूंना पृष्ठभागाला चिकटू न देण्याचा गुण त्यातही आढळल्याचे त्यांनी २०११ साली दाखविले.

बेळगाव भागात ऊस आहे, मळी आहे. गुजरात व माळव्यात तेलाच्या गिरण्या आहेत. दूध संघांच्या दारी निवळी आहे. आज जे गटारात जाते किंवा कवडीमोलाने विकले जाते, त्याला उद्या भाव येऊ शकेल. आणि वापरून झाल्यावर हा साबण मातीत व पाण्यात कुजून नाहीसा होतो, हा त्याचा आणखी एक गुण.

मग अडचण कोठे आहे?

येथे कोणी विचारील, इतके गुण आहेत तर हा साबण बाजारात का नाही? तो अगदीच नाही असे नव्हे. जपानमधील साराया कंपनी सोफोरोलिपिड घातलेली भांडी धुण्याची द्रव्ये विकते. युरोपातही त्याचे कारखाने आहेत. त्याला फेस कमी येतो, म्हणून भांडी धुण्याच्या यंत्रात तो सोयीचा पडतो. फेस म्हणजे स्वच्छता ही आपली समजूत येथे खोटी ठरते.

पण तीन अडचणी आहेत. पहिली किमतीची. खनिज तेलापासून केलेल्या साबणापेक्षा हा कितीतरी महाग पडतो. दुसरी शुद्धतेची. यीस्ट एकच नग करीत नाही. थोड्याफार फरकाच्या अनेक नगांचे मिश्रण करते. त्यांतला कोणता नग थराला अडवतो आणि कोणता नाही, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. तिसरी अडचण पुराव्याची. बहुतेक प्रयोग प्रयोगशाळेतील लहान ताटल्यांत व नळीच्या तुकड्यांवर झाले आहेत. रुग्णाच्या अंगात, गाईच्या कासेत किंवा दोन एकराच्या ठिबकमध्ये परिस्थिती वेगळी असते. त्यामुळे यीस्टच्या साबणाने दगडी किंवा जखम बरी होते असे कोणी सांगत आल्यास विश्वास ठेवू नये. घरचे औषध बंद करू नये.

आणखी एक सूचना. पावाचे यीस्ट पाण्यात कालवून किटली धुतल्यास काहीही लाभ नाही. त्या जातीला हा साबण करता येत नाही. उलट जंतूंना आयते अन्न मिळेल.

आज आपल्या हाती काय आहे?

या सर्व संशोधनाचे सार एका वाक्यात सांगता येईल : जंतू बसल्यावर मारण्यापेक्षा त्याला बसू न देणे सोपे व स्वस्त. हे तत्त्व पाळायला महागड्या साबणाची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिल्या काही तासांत पकड सैल असते, हे लक्षात ठेवून पुढील गोष्टी कराव्यात.

१. दुधाची किटली रिकामी होताच लगेच थंड किंवा कोमट पाण्याने खळबळून घ्यावी. आरंभीच कडक पाणी ओतू नये. त्याने दुधातील प्रथिने पत्र्यावर शिजून बसतात आणि त्यावर थर धरतो.

२. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा किंवा डेअरीचे धुण्याचे द्रव्य घालून ब्रशने घासावे. घासणे हेच खरे काम. थर मोडतो तो हाताच्या जोराने. झाकणाची रबरी रिंग काढून वेगळी धुवावी. रबर चिरले असेल तर बदलावे.

३. तारेची घासणी किंवा वाळू वापरू नये. त्याने ओरखडे पडतात आणि ओरखड्यात जंतू सुरक्षित राहतात. पोचे आलेली, सांधे उघडलेली किटली बदललेली बरी.

४. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन किटली जमिनीपासून उंच, उपडी, उन्हात ठेवावी. कोरड्या भांड्यात जंतूंची वस्ती वाढत नाही. ओली किटली झाकण लावून ठेवणे म्हणजे जंतूंना घर भाड्याने देणे होय.

५. किटलीत पांढरट पिवळा कडक थर दिसल्यास तो दुधातील क्षारांचा असतो. तो सोड्याने जात नाही. डेअरीकडून त्यासाठीचे आम्लयुक्त द्रव्य घेऊन त्यावरील सूचनेप्रमाणेच वापरावे.

६. दूध काढण्यापूर्वी सड धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडे करावेत. काढून झाल्यावर सड जंतुनाशक द्रवात बुडवावेत आणि गाईपुढे वैरण टाकून तिला अर्धा तास उभी ठेवावी, म्हणजे सडाचे तोंड मिटेपर्यंत ती शेणात बसणार नाही. दगडी झाल्यास जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलेले औषध पुरे करावे आणि ते सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नये.

७. ठिबकचा फिल्टर नेमाने धुवावा. नळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी सोडावे. आम्लाची किंवा क्लोरीनची प्रक्रिया जाणकाराच्या सल्ल्याने करावी. या दोन वस्तू कधीही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो.

८. पाण्याची टाकी व कोंबड्यांची भांडी आधी घासावीत, मग ब्लीचिंग पावडर वापरावी. न घासता पावडर टाकणे म्हणजे लेव्हेनहूकचा शिरका. वरचे मरतात, खालचे राहतात.

९. दात दिवसातून दोनदा घासावेत, रात्री निजण्यापूर्वी तर नक्कीच. कवळी काढून ब्रशने धुवावी.

१०. घरी आणलेल्या रुग्णास लघवीची नळी असेल तर हात साबणाने धुतल्यावाचून तिला हात लावू नये. पिशवी रुग्णाच्या कमरेच्या खाली ठेवावी, पण जमिनीला टेकू देऊ नये. नळीची गरज अजून आहे का, असे डॉक्टरांना विचारण्यास संकोच करू नये.

मधमाशीच्या कुळातल्या एका माशीच्या मधात सापडलेला हा जीव आपल्या कोठीचे रक्षण मोठ्या युक्तीने करतो. तो शत्रू घरात शिरल्यावर धावत नाही. त्याला उंबऱ्यावरच पाय ठेवू देत नाही. त्याची युक्ती बाटलीतून आपल्या गावच्या दुकानात यायला काही वर्षे लागतील. तोवर ब्रश, सोडा आणि ऊन हे तीन राखणदार आपल्या अंगणात आहेतच. उद्या सकाळी डेअरीतून परत आल्यावर किटलीच्या झाकणाच्या कडेने बोट फिरवून पाहावे. बुळबुळीत लागले तर तेथूनच आरंभ करावा.